हिडकलच्या पाण्याकाठी एक पूर्ण दिवस, पाण्यात न उतरता

टिळकवाडीचा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

बेळगावहून कोल्हापूरला जाता-येता हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ घटप्रभा नदीवरच्या हिडकल डॅमची पाटी आम्ही शेकडो वेळा बघितली असेल. ‘एकदा जाऊया की’ म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेवटी गेलो. दोन घरं मिळून अकरा माणसं, त्यात चार पोरं, गाडीच्या टपावर बांधलेल्या दोन सायकली, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली एक दुर्बीण आणि घरचीच सुकी लाकडं भरलेलं एक पोतं.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकली होती. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पाय धुवायलासुद्धा नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अशाच एका तलावात गेला. त्याला पोहता येत होतं, आमच्यापैकी सगळ्यांत चांगलं येत होतं. त्याची आई पुढे कितीतरी वर्षं आम्ही दिसलो की नुसती आमच्याकडे बघत उभी राहायची. ते डोळे मी विसरलो नाही. त्यामुळे या बाबतीत माझ्याकडे चर्चा नाही.

पोरांचा प्रश्न साहजिकच होता, “मग तिथं जाऊन करायचं काय?” हा धागा त्याचंच उत्तर आहे.

पहाटे साडेपाचला घर सोडलं. वंटमुरी घाटात धुकं होतं, पुढची गाडी दिसत नव्हती. पाण्याजवळ पोचलो तेव्हा उजाडत होतं. धरणाच्या भिंतीकडे गेलोच नाही, तिथं परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि ते बरोबरही आहे. आम्ही गेलो मागच्या फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागं साठलेल्या पाण्याच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात. त्यांना आधी फोन करून विचारलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण काठावरची जमीन मोकळी दिसली तरी ती कुणाची ना कुणाची असते, निदान कुणीतरी ती कसत असतं.

सूर्य वर येईपर्यंत पाणी दुधासारखं पांढरट होतं. मग त्यावर ठिपके दिसायला लागले. हळदीकुंकू बदकं जोडीजोडीनं, चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका. काळे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावलेले, थव्यानं. पण पोरांना वेड लावलं ते टिबुकलीनं. मुठीएवढा पक्षी, डुबकी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. थोरल्यानं मोबाईलवर सेकंद मोजायला सुरुवात केली. अकरा, चौदा, एकदा एकवीस. मग पैज लागली, आता कुठं निघेल? धाकटी बोट दाखवायची आणि श्वास रोखून बसायची, जणू तीच पाण्याखाली आहे. तास कसा गेला कळलं नाही. घरात दहा मिनिटं एका जागी न बसणारी ही पोरं!

ऊन चढल्यावर सायकली काढल्या. गाडीवाटेनं गावापर्यंत जाऊन परत, असं आळीपाळीनं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हरभरा, मध्येच जोंधळा. ज्यांची पाळी नव्हती ते पतंग उडवत बसले. पाण्यावरून येणारा वारा एकसारखा असतो, पतंग एकदा वर गेला की हात दुखेपर्यंत खाली येत नाही.

आता घडलेली एक गोष्ट. पाणी मागं सरकलं की काठावर ओला गाळ उघडा पडतो. वरून सुकून त्याला पापुद्रा येतो, फरशी घातल्यासारख्या चौकोनी भेगा पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं जमीन घट्ट आहे. भाचा दुर्बीण घेऊन चार पावलं पुढं गेला आणि पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. पाणी अजून पंधरा-वीस फूट लांब होतं! ओढायला गेलो तर माझाही पाय रुतायला लागला. शेतकरी मामांनी लांबूनच ओरडून सांगितलं, “उभं राहू नका, बसा! ढुंगणावर बसा आणि मागं सरका.” भाचा मागं टेकला तसा पाय हळूहळू सुटला. चप्पल आतच राहिली. आम्ही पाण्याची भीती धरून गेलो होतो, पण गाळाचं आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जाणाऱ्यांनी हातात लांब काठी ठेवा आणि ती टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दुपारी तीन दगडांची चूल. वांगी भाजून भरीत, ज्वारीच्या भाकऱ्या घरून, शेंगाची चटणी, दही. मामांनी कोवळी कणसं आणून दिली, गोवऱ्यांच्या आरावर भाजून हातावर चोळून हुरडा. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, ते त्याला सीतनी म्हणतात. आमच्या पोरांना आता दोन्ही शब्द येतात. जेवण झाल्यावर चूल पाणी ओतून विझवली, राख हातानं चाचपून बघितली आणि मगच उठलो.

संध्याकाळी भाकऱ्या मारायचा खेळ. चपटा दगड पाण्यावर आडवा फेकून किती टप्पे पडतात ते मोजायचं. दगड शोधताना धाकटीला एक तुकडा सापडला, लाल, चपटा, एका बाजूला खाच. तिनं मला दाखवला. कौलाचा तुकडा होता. ती म्हणाली, “बाबा, इथं कुणाचं घर होतं?” मी मामांकडं बघितलं. त्यांनी पाण्याकडं हात केला आणि म्हणाले की त्यांच्या आज्याचं घर त्या तिकडं, आता जिथं बदकं बसली आहेत तिथं. विहीर पण तिथंच.

धाकटीनं तो तुकडा परत होता तिथं ठेवला. त्यानंतर पोरांनी फेकायला दगडच घेतले, कौल कुणी उचललं नाही.

इथं कुणी हुक्केरी, दड्डी, पाच्छापूर भागातलं असेल तर त्या बुडालेल्या गावांबद्दल लिहा, ही विनंती. पोरं रोज विचारतात आणि माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही.

---

निपाणीचा नाद

झकास लिहिलंय दादा. पण एक विचारू का? एवढं पाणी समोर असून नुसतं बघत बसायचं म्हणजे जिवावर येतं. लाइफ जॅकेट घालून काठाकाठानं पोहायला काय हरकत? आणि तिकडं कयाकिंग वगैरे करता येतं का? आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, सगळे पट्टीचे पोहणारे.

---

पाटबंधारे, निवृत्त

निपाणीकर, रागावू नका, पण नोकरीची बरीच वर्षं मी पाण्याच्या बाजूला काढली आहेत, म्हणून सांगतो.

नदीचा किंवा विहिरीचा अंदाज जलाशयाला चालत नाही. हिडकलची साठवण ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट असते आणि उन्हाळ्यापर्यंत ती बरीच खाली उतरते. म्हणजे जानेवारीत तुम्ही जिथं उभे राहता तो काठ ऑक्टोबरात पाण्याखाली होता, आणि मे महिन्यात काठ आणखी कितीतरी पुढं गेलेला असेल. पोहणाऱ्याच्या पायाखाली नैसर्गिक उतार नसतो. जुने बांध, ताली, विहिरी, घरांची जोती, तोडलेल्या झाडांचे बुंधे, नदीचं मूळ पात्र, हे सगळं आत तसंच आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट विहिरीत पडू शकतं. त्यात मासेमारांची जाळी. नायलॉनचं जाळं पाण्यात डोळ्याला दिसत नाही आणि पायाला गुंडाळलं की पट्टीचा पोहणाराही जितके हातपाय मारतो तितका अडकतो.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात बसणाऱ्यांनी तर जास्त जपावं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी बघता बघता वाढतं. भोंगा वाजला की भांडीकुंडी गोळा करत बसू नका, माणसं घेऊन वर या. ऑगस्ट २०१९ मध्ये गोकाकजवळचा लोळसूर पूल पाण्याखाली गेला तो याच घटप्रभेच्या पुरात.

आणि प्रत्येक गाडीत पाच लिटरचा रिकामा कॅन, घट्ट झाकण लावलेला, आणि त्याला बांधलेला पन्नास फूट दोर ठेवा. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका, कॅन फेका. वाचवायला गेलेला दुसराही जातो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

जाता जाता नावाबद्दल. धरणाला राजा लखमगौडा यांचं नाव आहे, वंटमुरीचे सरदेसाई. बेळगावातल्या आरएलएस कॉलेजच्या नावातही तेच राजा लखमगौडा. आमच्या पिढीला हे माहीत होतं, नव्या पोरांना सांगावं लागतं.

---

निपाणीचा नाद

काका, विहिरीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. ग्रुपवर तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं टाकलंय.

---

भीमगडच्या वाटा

निपाणीकर, पाण्यात खेळायचंच असेल तर गणेशगुडीला जा. जोयडा तालुका, काळी नदी. वर सुपा धरण, तिथल्या वीजघरातून पाणी सोडलं की खाली राफ्टिंग चालतं. कयाकही मिळतात. सोबत शिकलेले गाईड असतात, जॅकेट-हेल्मेट घालायला लावतात, ते करतील तसं करायचं. मात्र सगळं पाणी सोडण्याच्या वेळेवर अवलंबून, म्हणून आधी फोन करूनच निघा. खानापूरवरून जंगलातून रस्ता आहे, अंधार पडायच्या आत परत फिरा.

जॅकेटबद्दल माझा एक अनुभव. मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) बोटिंगला गेलो. आम्ही नऊ जण, जॅकेट पाच, त्यातल्या दोनांची बकलं तुटलेली. बोटवाला म्हणाला, “काय होत नाही ओ, रोज नेतोय.” माझ्या बायकोनं पोराचा हात धरला आणि सरळ गाडीकडं चालायला लागली. पैसे परत मिळाले नाहीत. त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो होतो. आज हा धागा वाचून तिला सांगितलं, तुझं बरोबर होतं.

---

दड्डीची माहेरवाशीण

टिळकवाडीच्या दादा, तुमच्या लेकीनं कौल परत ठेवलं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं बघा.

माझं माहेर त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला. हायवेच्या पलीकडं, दड्डीकडं. आमच्याकडं मराठी, खाली धरणाकडं कन्नड, आणि बाजारात दोन्ही. पाणी आलं तेव्हा माझी आई नवी सून होती. ती सांगायची, पहिल्या वर्षी पाणी येणार येणार म्हणून सगळे म्हणायचे पण कुणाचा विश्वास नव्हता. भात पोटरीला आलेलं. एक दिवस सकाळी उठून बघतात तर बांधाला पाणी लागलेलं. लाटा नाहीत, आवाज नाही. रोज एक एक वाफा जायचा. सासऱ्यांनी म्हणे रोज संध्याकाळी जाऊन काठावर एक खुंटी मारायची, उद्या बघायला. आठव्या दिवशी खुंट्या मारायचं सोडून दिलं.

आता उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच जमिनी वर येतात आणि लोक गाळपेर करतात. गाळाची जमीन, खत लागत नाही, पीक चांगलं येतं. पण पाऊस लवकर आला की हातचं जातं. म्हणून सांगूलोय, काठावर हिरवं दिसलं तर त्यातून गाडी घालू नका. ते गवत नसतं, कुणाच्या तरी सालाचं पीक असतं.

आणि हुन्नूरचा विठ्ठल. तो तुम्ही बघितला नाही, कारण जानेवारीत तो पाण्यात असतो. दगडी देऊळ आहे. पाणी खूप खाली गेलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग सगळं देऊळ बाहेर येतं, अंगावर गाळाचे पट्टे घेऊन. तेव्हा लांबलांबून माणसं दर्शनाला येतात. ज्या साली पाऊस चांगला त्या साली पाणी तेवढं उतरतच नाही, मग देव भेटत नाही. माझी आज्जी म्हणायची, विठ्ठल भेटला तर आनंद आणि नाही भेटला तरी आनंद, नाही भेटला म्हणजे पाणी आहे.

पोरांना हे सांगा. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की या, माझा भाऊ नेऊन दाखवंल.

---

टिळकवाडीचा (धागाकर्ता)

आक्का, हे मी आत्ता पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खुंट्यांच्या जागी आल्यावर माझा आवाज बसला, पुढचं बायकोनं वाचलं. थोरला विचारतोय, त्या खुंट्या अजून पाण्याखाली असतील का.

---

दड्डीची माहेरवाशीण

सागवानी होत्या म्हणे. असतील बघ बाळा.

---

पाखरांच्या मागे

हळदीकुंकू आणि वारकरी ही नावं इथं मराठीत वाचून बरं वाटलं. लोक ‘डक’ म्हणून सोडून देतात.

ज्यांना पक्षीच बघायचे आहेत त्यांनी हिडकलवरून तसंच पुढं धूपदाळला जावं. घटप्रभा स्टेशनजवळ. तिथला बंधारा हिडकलच्या कितीतरी आधीचा, इंग्रजी अमलातला. डावा कालवा तिथूनच निघतो. बंधाऱ्यामागं पाणी उथळ आहे, मध्ये बेटं, झाडी, त्यामुळे हिडकलच्या खोल पाण्यापेक्षा तिथं पक्षी जास्त टेकतात. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, जवळजवळ ३० चौरस किलोमीटर. हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात, थेट मध्य आशियातून. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुपका. ते पाण्यापेक्षा आसपासच्या कापणी झालेल्या रानांत चरताना जास्त दिसतात आणि दुपारी पाण्यावर उतरतात. आवाज आधी ऐकू येतो, कर्र कर्र असा, खूप उंचावरून. मान वर करून शोधत बसावं लागतं, आणि मग एकदम आभाळात रेघ दिसते.

दोन विनंत्या. फोटोसाठी थवा उठवू नका. एवढ्या लांबून आलेल्या पाखराला प्रत्येक उड्डाण महाग पडतं. आणि पतंगाचा मांजा, विशेषतः नायलॉनचा, पाण्याकाठी नको. दादा, तुम्ही कुठला वापरला होता?

---

टिळकवाडीचा (धागाकर्ता)

साधा सुती दोरा होता. पण खरं सांगतो, पक्ष्यांचा विचार करून घेतला नव्हता, घरात तोच होता. पतंग तुटून पाण्यात गेला असता तर दोरा तिथंच राहिला असता. पुढच्या वेळी पतंग नेणार नाही.

---

खडेबाजार

सगळं वाचलं. एक मुद्दा राहिला असं वाटलं म्हणून लिहितोय.

आपण बेळगावकर हे पाणी पितो. शहराला पाणी दोन ठिकाणांहून येतं, राकसकोप आणि हिडकल. राकसकोपचं आपल्याला जवळचं वाटतं. पावसाळ्यात पेपर उघडला की आधी राकसकोपची पातळी बघायची सवय आमच्या बाबांची, २४७५ फुटांना लागली की सगळ्या गल्लीत सांगत सुटायचे. मार्कंडेय नदीचं पाणी ते. पण हिडकलचं पाणी आपल्या नळाला येतं हे कितीतरी जणांना माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी राकसकोपकडं गेलो होतो, बेळगुंदीवरून. रताळ्यांचे वेल काढलेली तांबडी रानं, मागं डोंगर, पलीकडं तुडये म्हणजे महाराष्ट्र. पाण्याच्या कडेला काय बघितलं? बाटल्यांच्या काचा, थर्माकोलच्या पत्रावळ्या, बिर्याणीची डबडी, आणि एक जण गाडी पाण्यात अर्धी घालून धूत होता, साबण लावून. मी त्याला म्हटलं, अण्णा, हेच पाणी उद्या तुमच्या घरी येणार. तो पहिल्यांदा चिडला. मग विचारलं, कुठं राहता? म्हणाला, वडगाव. म्हटलं, मग तुमच्याकडं नळाला पाणी कुठनं येतं? थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि गाडी मागं घेतली. काच मात्र मी एकटा किती वेचणार? एक पिशवी भरली, तेवढीच आणली.

---

टिळकवाडीचा (धागाकर्ता)

खडेबाजारकर, त्या दिवशी आम्ही आमचा कचरा परत आणला, पण आधीचा पडलेला होता तो तसाच सोडून आलो. बघितला होता, आणि ‘आपला नाही’ म्हणून पुढं गेलो. हे मनाला लागलं आहे.

तर मी असं ठरवलंय. या येत्या रविवारी सकाळी साडेसहाला राकसकोपच्या अलीकडं. पोती, जाड हातमोजे आणि काठ्या मी आणतो, काठी कशाला ते वर लिहिलंच आहे. काच वेचायचं काम मोठ्यांनी, पोरांनी फक्त प्लास्टिक. पाण्यापासून दहा पावलं अलीकडंच थांबायचं, ज्यांना हे मान्य त्यांनीच यावं. दहापर्यंत आटोपून तिथंच झाडाखाली बसून खाऊ. भडंग आणि चहा माझ्याकडं, भाकरी-चटणी ज्याची त्यानं.

आत्तापर्यंत आमचे सहा जण नक्की आहेत.

---

निपाणीचा नाद

आम्ही सहाही येतो. कॅन आणि दोर माझ्याकडून.

---

पाटबंधारे, निवृत्त

मी येईन. वाकवत नाही आता फारसं, पण पोती धरून उभा राहीन.

---

दड्डीची माहेरवाशीण

मला लांब पडतंय रविवारी. शेंगाची चटणी करून शनिवारच्या एसटीनं धाकट्या भावाबरोबर पाठवते. टिळकवाडीच्या दादा, स्टँडवरून न्यायला कुणी येईल ते सांगून ठेवा.